कॅनव्हासवरची द्विपंखी विमाने

जुन्या लष्करी विमानांची कृष्णधवल छायाचित्रे मोठी करून कॅनव्हासवर छापायची आणि ती दिवाणखान्यात लावायची, ही हौस आता परळ-लालबागच्या उत्तुंग इमारतींतच नव्हे, तर गिरगावातल्या दोन खोल्यांच्या घरांतही दिसते. त्यांत मागणी मोठी ती पहिल्या महायुद्धातील द्विपंखी विमानांना. एकावर एक असे दोन पंख, मधले खांब, ताणलेल्या तारा आणि उघड्या बैठकीत चामडी टोपी घातलेला वैमानिक, एवढ्यानेच भिंत भरून जाते.

छापील चित्राला कॅनव्हासचा पोत देण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली गिरगावात छापखाना काढला, तेव्हा तेथून निघालेल्या ओलिओग्राफची मोहिनी हीच होती. शिळाप्रेसवर एकामागून एक रंग चढवून तैलचित्राचा भास निर्माण केला जाई. आजच्या छपाईत शिळेची जागा इंकजेट यंत्राने आणि कागदाची जागा लेप दिलेल्या सुती किंवा मिश्र कापडाने घेतली आहे, इतकेच. या विषयाला तर कापड विशेष शोभते. कारण त्या विमानांचे पंखही लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या लिननचेच असत आणि ते घट्ट व्हावे म्हणून त्यावर ‘डोप’ नावाचा लेप देत.

बाजारात सर्वाधिक आढळते ते सॉपविथ कॅमल. पुढच्या दोन मशिनगनवरील उंचवट्यामुळे त्याला उंटाचे नाव मिळाले. हरदितसिंग मलिक हे विमान चालवीत. इंद्रलाल रॉय यांचे विमान एस.ई. ५-ए. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्यांच्या नावावर दहा हवाई विजय नोंदले गेले आणि २२ जुलैला, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ते कामी आले. हिंदी तरुणांना अधिकारपद देण्यास सरकार नाखूष असतानाच्या काळातले हे वैमानिक.

त्यांतलेच एक मुंबईचे होते, हे मात्र मुंबईकरांना क्वचितच ठाऊक असते. श्रीकृष्ण वेलिणकर केंब्रिजला शिकले, वैमानिक झाले आणि २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवू लागले. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचा अंत झाला. हांगार येथील युद्धस्मशानात त्यांची समाधी आहे. डॉल्फिन ओळखणे सोपे. त्याचा वरचा पंख खालच्या पंखापेक्षा किंचित मागे असतो आणि वैमानिकाचे डोके त्याच्या चौकटीतून वर येते. कॅमलच्या मानाने हे विमान फारसे छापले जात नाही. मुंबईच्या भिंतीवर ते असावे, असे आम्हाला वाटते.

भारतीय हवाई दलाशी नाते सांगणारे चित्र हवे असेल तर वेस्टलँड वापिती निवडावे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, ती अशा चार विमानांवर. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक वापिती जतन केलेले आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जुहूला उतरवलेले पस मॉथ मात्र एकपंखी आणि मुलकी होते. ते चित्र अवश्य लावावे, पण ‘लष्करी द्विपंखी’ म्हणून घेऊ नये.

रंगवलेल्या प्रतींबाबत सावध असावे. त्या काळच्या पुष्कळशा काचपट्ट्यांवर लाल रंग काळपट आणि निळा फिकट उमटे. त्यामुळे रंग भरणारा सहज फसतो आणि ब्रिटिश विमानावर फ्रेंच वर्तुळ येऊन बसते. ब्रिटिश चिन्हात बाहेर निळा व मध्यभागी लाल असतो. फ्रेंचात नेमके उलटे. शंका असल्यास कृष्णधवलच बरे.

छपाईसाठी मूळ प्रतीचा आकार पाहावा. २४ × ३६ इंचांच्या चित्राला इंचामागे १५० ठिपके धरले तरी ३,६०० × ५,४०० ठिपक्यांची प्रत लागते. इंटरनेटवरील लहान चित्र ताणले की तारा फुटतात, आणि तारांविना द्विपंखी विमानाची शोभा ती काय? जुनी हाफ-प्लेट ४¾ × ६½ इंचांची असे. तिला लांबट आकारात बसवताना चाके किंवा शेपटी छाटली जात नाही ना, हे आधी विचारावे. कॅनव्हास चौकटीवर मागे वळवायचा असल्यास चारही बाजूंनी दोन-तीन इंच जादा सोडावे लागतात.

मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्यात होते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कॅनव्हास टांगल्यास मागून बुरशी धरते व कच्च्या लाकडाची चौकट वाकते. वाळलेल्या लाकडाचा आग्रह धरावा, शाई पिगमेंटची मागावी, वर वॉर्निशचा हात घ्यावा आणि भिंत व चौकट यांत हवा खेळेल इतकी फट ठेवावी. थेट ऊन पडणारी जागाही टाळावी. पुसायला कोरडे मऊ फडके पुरते. चौकटीच्या मागे विमानाचे नाव, साल आणि ठिकाण पेन्सिलीने लिहून ठेवावे.