न भरणारी टाकी

"आमची शेप्टी टाकी पंचवीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही," हे वाक्य कोकणात लोक जावयाचा पगार सांगावा तशा थाटात सांगतात. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. घरबांधणीच्या परवानग्यांसाठी जागा बघायला जायचो, तेव्हा हे वाक्य इतक्या पडव्यांमध्ये ऐकलं की पुढेपुढे मी चहाचा कप खाली ठेवून एवढंच विचारायचो, "विहीर कुठे आहे तुमची?" कारण जी कधीच भरत नाही ती टाकी नव्हे. तिचा तळ मोकळा सोडलेला असतो, नाहीतर जांभ्याचे चिरे आतून गिलावा न करता तसेच ठेवलेले असतात. घरातून आलेलं सगळं त्या जाळीदार दगडातून खाली निघून जातं. कुठे जातं ते कोणी विचारत नाही.

पण ही बढाई काही कोकणातल्या माणसाने शोधलेली नाही. सेप्टिक टँकचा जन्मच तिच्यातून झाला आहे.

फ्रान्समधल्या वेझूल गावात १८६०च्या सुमारास झां-लुई मुरास नावाच्या गृहस्थाने मैल्यासाठी एक बंदिस्त दगडी टाकी बांधली. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही नळांची तोंडं त्याने पाण्याखाली बुडवून ठेवली. त्यामुळे हवा आत शिरेना आणि आतलं पाणी ढवळलं जाईना. दहा-बारा वर्षांनी झाकण उघडलं. टाकी गाळाने गच्च असणार अशी सगळ्यांची खात्री होती, पण गाळ निघाला अगदी थोडा. पुढे म्वान्यो या विज्ञानाचा नाद असलेल्या धर्मगुरूने ते प्रकरण उचलून धरलं. काचेच्या टाकीत मैला आणि स्वयंपाकघरातलं खरकटं घालून ते हळूहळू कसं विरघळत जातं तेही पाहिलं गेलं. १८८१ मध्ये मुरासला पेटंट मिळालं. हवा लागली की मरणारे, पाश्चरने दाखवलेले सूक्ष्मजीव हे काम करत असावेत, असा तर्क तेव्हाच मांडला गेला होता आणि तो बरोबर होता. मात्र त्या टाकीची जाहिरात झाली ती 'आपोआप उपसली जाणारी' म्हणून. लोकांना सूक्ष्मजीवांत रस नव्हता. उपसायला लागणार नाही, यात होता.

इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ मध्ये हीच कल्पना शहराच्या सांडपाण्यावर वापरली आणि 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ केलं. टाकीतून निघालेल्या गॅसवर तिथल्या आवारातले दिवेही लागले. गाळाची कटकट कायमची संपली, असा डंका पिटला गेला. इंग्लंडात १८९८ मध्ये सांडपाण्यासाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं. पुढची कित्येक वर्षं त्याचे जाडजूड अहवाल निघत राहिले आणि त्यांनी या दाव्यातली हवा काढून घेतली. टाकीत गाळ कमी होतो, संपत नाही. उरलेला साठत जातो, आणि साठलेला कोणीतरी उपसावा लागतो. आमच्या पडव्यांपर्यंत हा निकाल अजून पोचायचा आहे.

आपल्याकडे ही टाकी आली ती बरीच लवकर, आणि ज्या जागी आली ती जागा मला फार आवडते. मुंबईच्या माटुंगा-वडाळा भागात महारोग्यांसाठी एक आश्रम १८९० मध्ये उभा राहिला. तो उभारणारे महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ हे मराठी पोवाड्यांचे वेडे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये छापला, तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. या आश्रमात १८९७च्या सुमारास कारकीट जेम्स या ड्रेनेजच्या इंजिनियरच्या देखरेखीखाली टाक्या बसवल्या गेल्या. त्यांतला गॅस धरून त्यावर दिवे लावले, पुढे इंजिन चालवलं. बायोगॅसच्या पुस्तकांत सर्रास '१८५९, मुंबईचा महारोगी आश्रम' असं छापलेलं आढळतं. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. जो आश्रमच १८९०चा, त्यात १८५९ मध्ये टाकी कुठून येणार? असो. ज्या माणसांना शहराने वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या आवारात मुंबईतली सगळ्यात आधुनिक संडासव्यवस्था चालली होती, ही मात्र खरी गोष्ट.

कोकणात तेव्हा आणि त्यानंतरही बरीच वर्षं परसाकडे जाणंच चालू होतं. शहरांत, म्हणजे रत्नागिरी-चिपळूणसारख्या ठिकाणी, मोठ्या घरांमागे टोपलीचे संडास. मागच्या बोळातून एक माणूस यायचा, बहुतेकदा बाई, आणि टोपली उचलून न्यायची. जातीने तिच्यावर लादलेलं काम. घरातल्यांना तिचं नाव ठाऊक नसायचं. न्हाणीचं पाणी वेगळं, ते पाटाने अळवाला आणि केळींना जायचं. ही अर्धी व्यवस्था शहाणपणाची होती आणि उरलेली अर्धी लाजिरवाणी. नवी टाकी आली तेव्हा आम्ही दोन्ही एकदमच मोडल्या. न्हाणीचं साबणाचं पाणीही टाकीत सोडायला लागलो.

या लाजिरवाण्या अर्ध्याशी आयुष्यभर झुंजलेला माणूस आमच्याच जिल्ह्याचा. अप्पासाहेब पटवर्धन. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं, ते नाकारलं गेलं म्हणून उपास आरंभला. डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास सुरू केला, तेव्हा सरकार नमलं. १९४८ मध्ये अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचं सोनखत करणारे संडास स्वतः बांधून, स्वतः साफ करून दाखवले. त्यांचा हिशेब सरळ होता: मैला उरणारच आहे, तर तो लपवायचा कशाला, तो हाताळता येईल असा करू. मुंबई सरकारनेही १९४९ मध्ये सफाई कामगारांची स्थिती बघायला बर्वे समिती नेमली. १९५२ मध्ये तिचा अहवाल आला. डोक्यावरच्या टोपल्या जाव्यात, हे समितीने सांगितलं. टोपल्या गेल्याही, पण फार सावकाश.

देहूचे डॉक्टर मापुसकर अप्पांचेच वारस म्हणायचे. १९६०च्या आसपास देहूच्या दवाखान्यात ते रुजू झाले आणि तुकोबांच्या गावात पाऊल कुठे ठेवावं याची पंचाईत पाहून हबकले. त्यांनी पहिले दहाएक संडास बांधून घेतले, ते पावसाळ्यात ढासळले. गावकरी हसले असणारच. मग त्यांनी कणकवलीची वाट धरली, अप्पांकडून शिकले, मैल्यावर चालणाऱ्या गॅस संयंत्राचं 'मलप्रभा' हे तंत्र सुधारून देहूच्या घराघरांत नेलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. म्हणजे आमच्यापासून तासा-दोन तासांवर कणकवलीत हे सगळं शिकायला मिळत होतं. आम्ही शिकलो ते गवंड्याकडून.

कोकणात फ्लशचे संडास फोफावले ते १९७० नंतर, मुंबईच्या चाकरमान्यांच्या पैशावर. गणपतीला सून गावी आली की परसाकडे जाणार नाही, म्हणून मे महिन्यात घाईघाईने संडास. टाकीचा नकाशा अस्तित्वात होता. भारतीय मानक २४७०, पहिल्यांदा १९६३ मध्ये निघालेलं, १९८५ मध्ये सुधारलेलं. पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याची खोली पुरे. बाहेर जाणारा नळ आत येणाऱ्यापेक्षा दोन इंच खाली. दोन्हींना टी. पुढे शोषखड्डा, आणि तो पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर लांब. दर दोन वर्षांनी गाळ काढायचा. परवानगीच्या फायलीत हाच नकाशा जोडलेला असायचा, एकाच ड्राफ्ट्समनने ब्ल्यू प्रिंटवर छापून ठेवलेला. जागेवर गवंडी विचारायचा, "खड्डा किती फुटाचा मारू?" तेवढ्यावर नकाशा संपायचा.

यातली टी हरवली याचं मला फार वाईट वाटतं. चार इंची नळाचा तो छोटासा तुकडा, किंमत नगण्य, पण टाकीचं मर्म तोच. टाकीत तळाला गाळ बसतो, वर तेलकट थर तरंगतो, मधलं पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं. टीचं खालचं टोक त्या मधल्या पाण्यात बुडलेलं असतं, म्हणून बाहेर फक्त तेवढंच जातं. मुरासने नळांची तोंडं बुडवून ठेवली, त्याचा हाही एक फायदा होता. टी काढली की वरचा थर थेट शोषखड्ड्यात जातो, खड्ड्याची भोकं बुजतात, आणि मग मालक सांगत येतो, "साहेब, जमीनच पाणी पीत नाही."

आमच्या घरामागची टाकी या सगळ्याचा नमुना होती. १९८०च्या दशकात वडिलांनी बांधून घेतलेली. बांधणाऱ्याचं नाव घेत नाही, त्याची मुलं अजून गावात आहेत. टाकीवर कोबा, कोब्यावर शहाबादी फरशी, फरशीवर धुण्याचा दगड. उघडायला झाकण म्हणून नाही. हवेच्या नळाला जाळी नव्हती, आत डासांची पैदास व्हायची आणि संध्याकाळी त्या नळातून धुरासारखे डास निघायचे. आरोग्य खात्याचे लोक यायचे, नळाच्या तोंडाला कापड बांधून जायचे. वाऱ्याने ते उडायचं.

कोबा फोडून बघितलं तर पाणी बाहेर जायच्या नळाच्या हातभर खाली. पाच माणसं रोज वापरत असताना पाणी नळापर्यंत चढत नाही, याचा अर्थ एकच. मधली भिंत नुसती रचलेली, टी नाही, बाहेर जाणारा नळ येणाऱ्यापेक्षा वर. तो नळ तीसेक वर्षांत कधी ओला झाला नसावा. आणि उतारावर, पंधरा पावलांवर, विहीर. पावसात उलटं व्हायचं. जमिनीतलं पाणी चिऱ्यांतून टाकीत शिरायचं आणि संडासाच्या भांड्यात बुडबुडे यायचे. वडील म्हणायचे, "भरती लागलेय." आम्ही समुद्रापासून बरेच आत.

टाकी उपसून आतून गिलावा करून घे, असा सल्ला चार जणांनी दिला. म्हणजे माणूस आत उतरवायचा. टाकी रिकामी झाली तरी गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त असेल तर नाकाला तो कळेनासाच होतो. वास गेला म्हणून खाली वाकतात आणि तिथेच कोसळतात. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. २०१३च्या कायद्याने कसल्याही संरक्षणाशिवाय असं उतरवणं गुन्हा ठरवलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रकमा वाढवाव्या लागतात, यातच काय ते आलं. आणि उतरणारा माणूस आडनावावरून ओळखता येतो, अजूनही. टोपली उचलणाऱ्या बाईचाच नातू असतो तो.

मी गाडी बोलावून जुनी टाकी उपसली, चुना टाकला, मातीने बुजवली. नवी विहिरीच्या वरच्या नव्हे, पलीकडच्या उताराला बांधली, दोन्ही अंगांनी गिलावा करून. वापरायच्या आधी काठोकाठ पाणी भरून दिवसभर ठेवलं आणि भिंतीवर कोळशाने रेघ मारली. पाणी रेघेवरून हललं नाही. न्हाणीचं पाणी परत केळींना सोडलं. गवंडी म्हणाला, "एवढी घट्ट बांधलीत, दोन-तीन वर्षांत भरेल की!" त्याला ती माझी खोड वाटली.

२०११च्या जनगणनेनुसार देशातल्या शहरी घरांपैकी ३८ टक्क्यांहून थोडी जास्त घरं सेप्टिक टँकवाली. प्रगणकाने मालकाला विचारलं, मालकाने सांगितलं. झाकण कोणी उचललं नाही. आमच्या घरानेही त्या वर्षी 'सेप्टिक टँक' असंच उत्तर दिलं होतं.

या आकड्यात काही अर्थ आणायचा प्रयत्न कृष्णेकाठच्या वाईने आणि नाशिककडच्या सिन्नरने केला. २०१८ पासून तिथे टाकी भरली का असं विचारतच नाहीत. वॉर्ड ठरवून, तीन वर्षांच्या पाळीने, गाडी दारात येते आणि गाळ शुद्धीकरण केंद्रात जातो. खर्च करातून निघतो. तक्रारीवरून उपसणं आणि पाळीने उपसणं यांत फरक एवढाच की पाळीत न भरणारी टाकी उघडी पडते. गाळ निघाला नाही, तर टाकी गळते.

आमच्या गावात हे करायचं म्हटलं तर पहिली अडचण कायद्याची नाही की पैशाची नाही. अर्धी घरं पाखाडीच्या पायऱ्यांवर आहेत. गाडी खालच्या डांबरी रस्त्यावर उभी राहते आणि तिचा पाइप वरच्या आळीपर्यंत पोचत नाही. जास्तीचा पाइप आणि जोडीला एक ताकदीचा पंप घ्यावा, असा अर्ज मी निवृत्तीनंतर पालिकेत दिला आहे. गणपतीनंतर बघू म्हणाले.