गर्दपासून एमडीपर्यंत : मुंबईतील हानी-न्यूनीकरण आणि समलिंगी पुरुष

मुंबईतील मादक द्रव्यविरोधी कार्य आणि समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांचे आरोग्यकार्य ह्यांचा इतिहास बहुधा दोन निराळ्या प्रकरणांत मांडला जातो. वस्तुतः ही दोन्ही कार्ये 1990 नंतरच्या दशकात, एड्सच्या भीतीतून, जवळजवळ एकाच वेळी आकारास आली. तथापि ज्या पुरुषाचे जीवन ह्या दोन्ही प्रकरणांत मोडते, त्याला दोन्हीकडे अपुरेच साहाय्य मिळते. मेफेड्रोन, मेथॅम्फेटामाइन अथवा जीएचबी ह्यांसारखी द्रव्ये घेऊन होणाऱ्या समागमास आज 'केमसेक्स' म्हणतात. त्यात गुंतलेल्या पुरुषांच्या साहाय्याचा प्रश्न मुळात ह्या विभागणीचा प्रश्न आहे.

ह्या विभागणीची एक बाजू गर्दच्या साथीपासून सुरू होते. 1980 नंतर मुंबई-पुण्यात गर्दचा प्रसार झाला आणि 1986 साली डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट ह्यांच्या प्रयत्नांतून पुण्यात मुक्तांगण हे केंद्र उभे राहिले. 'व्यसनमुक्ती' हा शब्द मराठी मनात रुजला तो अशा कार्यामुळे. त्या शब्दात ध्येयही सांगितलेले आहे : सेवन पूर्णपणे थांबले पाहिजे. हानी-न्यूनीकरणाची भूमिका निराळी आहे. सेवन आज थांबत नसेल, तर निदान मृत्यू आणि संसर्ग टाळावा, असे ती म्हणते. 1984 साली ॲम्स्टरडॅममध्ये सेवन करणाऱ्यांच्याच संघटनेने स्वच्छ सुया पुरविण्यास आरंभ केला. भारतात मणिपूरमधील सुईद्वारे पसरलेल्या एचआयव्हीने ह्या विचाराची निकड पटवून दिली. मुंबईत 1995 साली स्थापन झालेल्या संकल्प पुनर्वसन न्यासाने रस्त्यावरील सेवनकर्त्यांमध्ये हे कार्य हाती घेतले.

दुसरी बाजू ह्याच सुमाराची आहे. 1990 साली अशोक राव कवी ह्यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले, आणि 1994 साली हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. सांताक्रूझ पूर्वेस वाकोला येथील महापालिकेच्या इमारतीत ह्या संस्थेचे केंद्र चालले. समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या 377 व्या कलमाखाली गुन्हा असताना महापालिकेच्या छपराखाली असे केंद्र चालावे, ही गोष्ट लहान नव्हे.

मग हे दोन प्रवाह एकत्र का आले नाहीत? पहिले कारण प्रशासकीय आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या 2007 मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या टप्प्यात 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' आणि 'सुईने मादक द्रव्ये घेणारे' असे वेगवेगळे लक्ष्यगट धरून प्रकल्प चालविले गेले. ज्याची नोंद एका रकान्यात झाली, त्याला दुसऱ्या रकान्यातील प्रश्न विचारण्याचे प्रयोजन उरले नाही. दुसरे कारण साधनांचे आहे. हानी-न्यूनीकरणाची यंत्रणा गर्द आणि सुई ह्यांभोवती उभारली गेली. ब्युप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध अफूजन्य द्रव्यांच्या सवयीवर चालते. मेफेड्रोन अथवा मेथॅम्फेटामाइन ह्यांना तसे मान्यताप्राप्त पर्यायी औषध नाही. शिवाय गर्दचे सेवन पुलाखाली अथवा रेल्वेमार्गालगत दिसत असे. केमसेक्स मात्र बंद सदनिकेत, मोबाइलवरील ओळखीतून घडतो. रस्त्यावर फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या तो दृष्टीसच पडत नाही.

कायद्याचा इतिहासही असाच दुभंगलेला आहे. 377 व्या कलमाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली फिरविला. अखेर 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. याउलट 'एमडी' ह्या नावाने मुंबईत परिचित झालेले मेफेड्रोन 2015 साली गुंगीकारक औषधी द्रव्यांविषयीच्या 1985 च्या अधिनियमाखाली आणले गेले, आणि त्याचे सेवन दंडनीय ठरले. एक भय सरले, दुसरे उरले. जीएचबीच्या अतिसेवनाने कोणी बेशुद्ध पडला, तर सोबत्यांना रुग्णवाहिका बोलाविण्यापूर्वी पोलीस आठवतात. ह्या विलंबात जीव जाऊ शकतो. ह्याच अधिनियमाचे 64-अ हे कलम स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास खटल्यापासून संरक्षण देते. 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स अधिनियमाचे 22 वे कलम, शासकीय मार्गदर्शनानुसार चालणाऱ्या संसर्गजोखीम घटविण्याच्या कार्यास अभय देते. परंतु त्या रात्री त्या खोलीत असणाऱ्यास ह्यांपैकी कोणते कलम ठाऊक असते?

लंडनमधील अनुभव येथे उद्बोधक आहे. 'केमसेक्स' ही संज्ञा रूढ करणारे डेव्हिड स्टुअर्ट ह्यांनी 56 डीन स्ट्रीट ह्या लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यातच मादक द्रव्यांविषयीचे समुपदेशन चालविले. तेथे दोन्ही प्रश्न एकाच खोलीत विचारले गेले.

मुंबईत अशा संभाषणाची परंपरा शोधू गेल्यास चेंबूरकडे वळावे लागते. 1936 साली नागपाड्यात समाजकार्याची पदव्युत्तर शाळा म्हणून आरंभ झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1954 साली चेंबूरनजीक देवनार येथे आली. समाजकार्याच्या शिक्षणाचे एक जुने सूत्र असे की, माणूस जेथे उभा असेल तेथून आरंभ करावा; हानी-न्यूनीकरणाचे सारही हेच आहे. ह्या संस्थेच्या 'सक्षम' प्रकल्पाने एचआयव्ही समुपदेशकांच्या प्रशिक्षणाचे कार्य केले, आणि 2012 साली तेथेच 'आयकॉल' ही दूरध्वनीवरील समुपदेशन सेवा सुरू झाली. नाव न सांगता बोलता येणे, ही बंद खोलीतील माणसापर्यंत पोचण्याची पहिली अट आहे.

ह्या इतिहासावरून एवढे म्हणता येईल की, वाकोल्याला माणसाची ओळख होती, संकल्पजवळ पद्धती होती, आणि देवनारला ऐकण्याचे शिक्षण होते. उणीव होती ती हे तिन्ही एका प्रश्नपत्रिकेत आणण्याची. एचआयव्हीच्या तपासणीस आलेल्या पुरुषास द्रव्यसेवनाविषयी, आणि व्यसनोपचारास आलेल्यास त्याच्या संबंधांविषयी, दोष न देता विचारले गेले, तर दोन रकान्यांमधील तो पुरुष प्रथमच पूर्णपणे नोंदला जाईल.