खोटं बोलणाऱ्या वायरी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा इथे उतरवून देतोय. इतिहास म्हटलं की आपण किल्ले, ताम्रपट, नाणी यांच्याकडे जातो. आज बोनेट उघडायचंय.

गेल्या मार्चमध्ये मी एक जुनी गाडी घेतली. 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच 13, म्हणजे सोलापूर पासिंग. माझ्याआधी दोन मालक. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. इंजिन गुळगुळीत चालायचं, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. फक्त अ‍ॅव्हरेज अकराच्या वर जाईना आणि सायलेन्सरला पेट्रोलचा वास. 'चेक लाइट नाही ना? मग गाडी ओके,' विकणारे काका म्हणाले होते.

इथेच मी फसलो. चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधी तो पिवळा चेक लाइट क्षणभर पेटायलाच हवा, बल्ब शाबूत आहे हे दाखवण्यासाठी. माझ्या गाडीत तो कधीच पेटला नाही. मीटर खोलला तर दिव्यावर काळ्या टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवलेला!

आता हा दिवा आला कुठून? त्यासाठी लॉस एंजेलिसला जावं लागेल. 1940 च्या दशकात त्या शहरावर तपकिरी धुरकं साचायचं, डोळे चुरचुरायचे. आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ तिथे अननसाच्या वासावर संशोधन करत होते. (खरंच, अननसाच्या!) त्यांनी हवा तपासली आणि दाखवून दिलं की गाड्यांचा धूर आणि ऊन यांच्या संयोगातून हे धुरकं तयार होतं. त्यातून कॅलिफोर्नियाचे कडक नियम आले, आणि त्या नियमांमागे धावता धावता गाडीला नाक, कान, त्वचा फुटली. 1967 मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा फोक्सवॅगनमध्ये बसली. 1976 मध्ये व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत दिला. आणि 1996 पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या कारला एकसारखं निदान-सॉकेट सक्तीचं झालं. आपण मोबाइलवर कोड वाचतो, तो याच सॉकेटमधून.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली. 1995 मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आपल्या भाषेत 'कॅट', सक्तीचा झाला. मग एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर एप्रिल 1999 मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरासाठी युरो नियमांच्या तारखा अलीकडे ओढल्या, आणि एप्रिल 2000 पासून देशभर पहिली पायरी लागू झाली. नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर बघता बघता गेला.

पण गॅरेज तेच राहिलं ना! ज्या मिस्त्रीने आयुष्यभर कानाने ट्यूनिंग केलं, स्क्रू पाव आटा फिरवून इंजिन शांत केलं, त्याच्या पुढ्यात एका रात्रीत बंद डबा आला. डब्याचं ट्रेनिंग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपुरतं. बाहेरच्याला कोणी काही शिकवलं नाही. मला वाटतं, आपल्याकडच्या निम्म्या वायरिंग-जुगाडाचं मूळ इथे आहे. जे समजत नाही, ते गप्प करायचं.

परत माझ्या गाडीकडे. एप्रिल 2010 मध्ये बीएस फोर आधी तेरा शहरांत लागू झालं, आणि मुंबई-पुण्यासोबत त्या यादीत सोलापूरही होतं. एप्रिल 2013 पासून ओबीडीची दुसरी पायरी आली, म्हणजे कॅट काम करतोय का यावर गाडीनेच लक्ष ठेवायचं. माझी गाडी त्यानंतरची. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल लावला, अ‍ॅप उघडलं. कोड आला पी 0420. अर्थ, कॅट नीट काम करत नाही.

जवळच्या गॅरेजमध्ये लगेच निकाल लागला, 'ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलू.' मी जवळपास हो म्हणालो होतो. पण कोड म्हणजे लक्षण, रोग नव्हे. म्हणून आधी लाइव्ह डेटा बघितला, आणि तुम्हीही बघा. गाडी रात्रभर उभी ठेवायची. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी 'ऑन' करायची. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि बाहेरच्या हवेइतके दिसले पाहिजेत. माझ्याकडे कूलंट 29, हवा 20. दुपारी उन्हात पुन्हा बघितलं. बाहेर 39, इंजिन तापलेलं, तरी आत येणारी हवा 20! महाबळेश्वर माझ्या बोनेटखाली.

सेन्सरच्या वायरीवरून हात फिरवत गेलो. टेपखाली मुगाच्या दाण्याएवढा रेझिस्टर. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होणारा तुकडा, बाकी काही नाही. त्याच्या जागी ठरावीक रोध टाकला की कॉम्प्युटरला कायम थंडगार, दाट हवा दिसते आणि तो पेट्रोल वाढवतो. हीच वस्तू ऑनलाइन 'पॉवर चिप' म्हणून विकली जाते. शिवाय 20 अंश हा अशक्य आकडा नाही, त्यामुळे कोडही येत नाही.

तरी एक प्रश्न उरतो. पेट्रोल जास्त झालं तर ऑक्सिजन सेन्सर ते पकडून कमी करायला सांगतो. मग त्याने का नाही सांगितलं? पुन्हा चावी 'ऑन', इंजिन बंद. स्क्रीनवर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा आकडा 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये तालात वरखाली नाचत होता. इंजिन बंद, धूर नाही, आणि सेन्सर नाचतोय? तो सेन्सर बोलतच नव्हता.

डिकीची मॅट उचलली तर पत्र्यात पुटीने बुजवलेली चार भोकं. म्हणजे इथे कधीतरी सीएनजीची टाकी होती. आरसीवर तिची नोंद नाही. किट लावताना पेट्रोलचा कॉम्प्युटर गोंधळू नये म्हणून सेन्सरची वायर कापून मध्ये एम्युलेटर बसवतात, जो 'सगळं छान आहे' असा बनावट सिग्नल देत राहतो. किट काढलं, टाकी विकली, एम्युलेटर मात्र तसाच राहिला. एका मालकाचं खोटं आणि दुसऱ्याचं खोटं एकमेकांना भेटलं. एक म्हणतो पेट्रोल वाढव, दुसरा म्हणतो सगळं ठीक आहे. अर्धवट जळलेला माल वर्षानुवर्षं कॅटमध्ये जात राहिला.

2015 मध्ये फोक्सवॅगनने चाचणी ओळखून धूर लपवणारं सॉफ्टवेअर वापरल्याचं उघड झालं, तेव्हा जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांचा प्रश्न होता. आपल्या गल्लीतला एम्युलेटर त्याचाच गरीब चुलत भाऊ.

माझे हातपाय गार पडले ते मात्र यानंतर. किटची लाल वायर बॅटरीपासून थेट आलेली, मध्ये फ्यूज नाही, आणि टोक एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दोन बोटांवर. वरचं प्लास्टिक वितळून तांबं दिसत होतं. याच गाडीतून माझी ताई रोज भाचीला शाळेत सोडत होती.

बॅटरीची निगेटिव्ह काढून दोन रविवार बसलो. लाल वायर मुळापासून काढली, रेझिस्टर आणि एम्युलेटर कापले, मूळ रंगाला मूळ रंग जोडला. पिळून टेप नाही. सोल्डर केलं आणि वर हीट श्रिंक नळी. मग सेन्सरच्या ग्राउंडवर मल्टिमीटर लावला. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट घासून घ्या. माझा गंजलेलाच होता. दिव्यावरची टेपही काढली.

अ‍ॅव्हरेज आता पंधरावर आहे, वास गेला. पण आठवड्याने पी 0420 परत आला, यावेळी उजळ माथ्याने, दिव्यासकट. कॅट खरोखरच मेलाय. नव्याची किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. मिस्त्री समजूतदार आहेत. म्हणाले, 'दादा, कशाला खर्च? सॉफ्टवेअरमधून हा कोडच बंद करून देतो. पंधराशे. दिवा कधीच लागणार नाही.'

मी नको म्हणालो. पैसे जमवतोय, दिवाळीपर्यंत होतील. तोवर दिवा पेटलेलाच आहे, आणि भाची रोज विचारते की मामा, हा पिवळा का?