निळू फुले : नट आणि कार्यकर्ता

या व्यासपीठावर इतिहास म्हटला की किल्ले आणि तहनामे येतात. मी आज एका नटाविषयी बोलणार आहे.

निळू फुले यांचा जन्म 1930 सालचा. नट होण्यापूर्वी ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. स्वतःची रोपवाटिका काढावी अशी इच्छा होती. भांडवलाअभावी ती राहून गेली. तुटपुंज्या पगारातूनही ते राष्ट्र सेवा दलाला काही रक्कम देत. सेवा दल म्हटले की साने गुरुजी आठवतात, आणि गुरुजींचे पालगड आपल्याच दापोली तालुक्यातले. तेव्हा हा माणूस बुरोंडीला अगदीच परका नव्हे. दलाच्या कलापथकात ते घडले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नाव झाले आणि 1968 साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून ते पडद्यावर आले.

पुढे गावोगावच्या बाया त्यांना पाहून बोटे मोडू लागल्या. याचे कारण त्यांचा आवाज. खलनायकाने गरजावयाचे, हा जुना रिवाज. फुल्यांनी आवाज खाली आणला. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या ‘सामना’तील त्यांचे हिंदुराव धोंडे-पाटील पाहा. साखर कारखाना हाती, गाव मुठीत, आणि बोलणे कसे, तर घरच्यासारखे! तीस वर्षे मी वाटाघाटींना बसतो आहे. पोटावर पाय देणारा माणूस सहसा ओरडत नाही. तो आधी चहा मागवतो. फुल्यांनी हे नेमके हेरले होते.

तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ 1972 साली आला, तो परिनिरीक्षण मंडळाशी भांडत. त्यातला सखारामही फुल्यांचाच. आणि 1979 च्या ‘सिंहासन’मध्ये मात्र ते सत्ता जवळून पाहून खचणारे पत्रकार दिगू टिपणीस झाले.

मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. चळवळीत पूर्णवेळ राबणाऱ्याची चूल कशी पेटावी? आमच्या बायकांना हा प्रश्न पाठ आहे. डॉ. श्रीराम लागू, फुले आदी नटांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, आणि त्या निधीतून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले.

13 जुलै 2009 रोजी ते वारले. माझ्या आईने त्यांना शेवटपर्यंत क्षमा केली नाही. ते मूळचे माळी, असे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग असा का वागतो मेला?”