समुद्रापलीकडून आलेल्या परिचारिका



घरात कोणी आजारी पडले की औषध डॉक्टर देतात. पण रात्री उशाशी कोण बसते? आई बसते, बहीण बसते. आजाऱ्याने नुसते कण्हले तरी तिला कळते, याला पाणी हवे की कूस बदलायची आहे. कळते, कारण दोघांची बोली एक, चालीरीती एक, ताटातले अन्न एक. आता समजा, उशाशी बसणारी मुलगी दूरदेशीची आहे, तिची बोली निराळी, रंग निराळा, आणि ती अजून हे काम शिकतेच आहे. तिला हे कसे जमावे? ब्रिटनमध्ये अशा हजारो मुलींनी ते जमविले. त्यांची हकिकत आज सांगावयाची आहे.

दुसरे महायुद्ध संपले आणि ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. गरीब असो की श्रीमंत, उपचाराच्या वेळी कुणाला पैसे मोजावे लागू नयेत, अशी ती योजना. योजना चांगली, पण नर्सेस पुऱ्या पडेनात. तेव्हा सरकारने वसाहतींकडे नजर वळविली. १९५५ पर्यंत १६ वसाहती व माजी वसाहतींत भरतीची रीतसर व्यवस्था झाली. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, गियाना इथून मुली निघाल्या. वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. ब्रिटनमधल्या कित्येक आजाऱ्यांना तिथल्या नर्सेस आठवतात. १९७७ च्या सुमारास तिकडच्या विद्यार्थी परिचारिका व सुईणींत १२ टक्के परदेशांतून आलेल्या होत्या.

या विद्यार्थिनींना शिकणे आणि राबणे एकाच वेळी करावे लागे. राहायचे नर्सेसच्या वसतिगृहात, वॉर्डात पाळी करायची आणि मधल्या वेळात अभ्यास. इंग्रजी त्यांना येत होते. शाळेतच शिकल्या होत्या. पण पुस्तकातली भाषा वेगळी आणि खाटेवरच्या माणसाची वेगळी. एखादी आजीबाई संकोचाने म्हणे, ‘मला एक पेनी खर्च करायची आहे.’ नवखी मुलगी बुचकळ्यात पडे. हिला आता काय विकत घ्यायचे आहे? त्याचा अर्थ एवढाच, की लघवीला जायचे आहे. पूर्वी तिकडे सार्वजनिक शौचकूपात एक पेनी टाकावी लागे, त्यावरून हा शब्दप्रयोग पडला. यात हसण्यासारखे काय आहे? आपल्याकडची म्हातारी ‘बाहेरला जायचंय’ म्हणाली, तर परमुलखातली नर्स तिला अंगणात नेऊन उभी करील! आजाऱ्याची लाज सांभाळायची तर आधी त्याची बोली समजली पाहिजे, हे त्या मुली वॉर्डातच शिकल्या.

पण सगळ्याच अडचणी बोलीच्या नव्हत्या. नर्सच्या शिक्षणाच्या दोन वाटा होत्या. एक तीन वर्षांची, रजिस्टर्ड नर्सची. दुसरी दोन वर्षांची, खालच्या दर्जाची. वेस्ट इंडीजच्या अनेक मुलींना पात्रता असूनही दुसऱ्या वाटेला लावले गेले. हा फरक कित्येकींना नीट सांगितलाही गेला नाही. शिक्षण संपल्यावर त्यांना उमगले, की या प्रमाणपत्राला मायदेशी मान्यता नाही, आणि इथे वरची जागाही मिळायची नाही. शिक्षक मंडळींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलाला कोणत्या वर्गात बसवतो, यावर त्याचे सारे आयुष्य ठरत असते.

शिवाय रंगाचा प्रश्न होताच. नायजेरियाच्या कोफोवोरोला प्रॅट या आधी शिक्षिका होत्या. १९४६ मध्ये त्या लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० साली काढलेल्या शाळेत, परिचर्या शिकू लागल्या. त्या कृष्णवर्णी म्हणून एका रुग्णाने त्यांच्याकडून उपचार घेण्यास नकार दिला. बाईंनी शिक्षण पुरे केले. मायदेशी परतल्यावर इबादानच्या मोठ्या इस्पितळाच्या त्या पहिल्या नायजेरियन मेट्रन झाल्या आणि पुढे देशाच्या मुख्य परिचर्या अधिकारी. तशाच गियानाच्या डॅफ्ने स्टील. १९५१ साली त्या शिकायला आल्या आणि १९६४ मध्ये यॉर्कशायरमधील इल्कली येथे मेट्रन झाल्या. ब्रिटनच्या आरोग्य सेवेतील त्या पहिल्या कृष्णवर्णी मेट्रन.

याच सुमारास अमेरिकेत मॅडलिन लेनिंजर नावाच्या परिचारिकेला एक गोष्ट जाणवली. निरनिराळ्या समाजांतून आलेल्या मुलांना एकच एक शुश्रूषा मानवत नाही. म्हणून त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला, न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखातल्या गाडसप लोकांत जाऊन राहिल्या, आणि रुग्णाच्या रीतिभाती जाणून घेऊन सेवा करण्याचे एक शास्त्रच उभे केले. आज परिचारिकांच्या अभ्यासक्रमात ते शिकवतात.

हे सगळे दूरचे वाटेल, पण तसे नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या किती इस्पितळांत केरळच्या मुली काम करतात! आपण त्यांना ‘सिस्टर’ म्हणतो. ब्रिटनमध्ये सिस्टर म्हणजे वॉर्डाची प्रमुख. आपल्याकडे मात्र प्रत्येक नर्स सिस्टर, म्हणजे बहीणच. तिचे मराठी मोडके असेल. ‘दुखतंय का’ ऐवजी ती भलतेच काही बोलेल. अशा वेळी खाटेभोवती जमलेले नातेवाईक हसतात, नकला करतात. त्या मुलीने घर सोडले, भाषा सोडली, आणि मध्यरात्री ती आपल्या माणसाचा ताप मोजते आहे. पुढच्या खेपेला दवाखान्यात गेलात तर तिला दोन शब्द मराठी शिकवा. ‘पोटात कळ येते’, ‘घशाला कोरड पडली’, ‘जीव घाबरा होतो’ असे आजाऱ्याच्या तोंडचे शब्द शिकवा. ते कोणत्याच पुस्तकात तिला सापडणार नाहीत. तिच्या ते उपयोगी पडतील, आणि तुमच्या आजाऱ्याच्याही.