ठासणीची बंदूक : सामान्य माणसाची पहिली बंदूक

गणपती उठले, पितृपक्ष सरला की घट बसतात आणि खंडेनवमीला घरातली हत्यारे पुसूनपासून पूजेला मांडली जातात. खानापूर, चंदगडकडच्या काही जुन्या घरांत कोयत्या-कुऱ्हाडीशेजारी एखादी लांब नळीची बंदूकही असते. 'आजोबा हिनेच सांबर मारायचे,' असे कौतुकाने सांगितले जाते. पण आजोबांनी हीच बंदूक का घेतली? या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या भागाचा बराच इतिहास आहे.

ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग गोळी अथवा छर्रे घालून गजाने ठासायचे. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून सगळे. म्हणून शिकाऱ्याला हरणाच्या जवळ जावे लागे आणि पहिलाच बार नेमका लागावा लागे.

पहिली बंदूक घेणाऱ्यापुढे तीन प्रकार असत. तोड्याची सर्वांत साधी. तोडा घरी वळता येई, पण आपल्याकडच्या पावसात तो विझायचा. चकमकीची बरी, पण बार उडण्याआधीच्या ठिणगीने सावज सावध होई. याच त्रासाला कंटाळून स्कॉटलंडमधले पाद्री आणि हौशी शिकारी अलेक्झांडर फोर्सिथ यांनी स्फोटक पुडीची युक्ती काढून १८०७ साली तिचे पेटंट घेतले. तिच्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. टोपीची बंदूक पावसातही चाले. मात्र टोप्या दुकानातूनच आणाव्या लागत. बंदूक एकदाच घ्यायची, टोप्यांचा खर्च कायमचा!

हीच बंदूक लढाईतही होती. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरला कलेक्टर थॅकरे अमटूर बाळप्पाच्या गोळीने पडला. १८५७ साली ज्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून भडका उडाला, तीही ठासणीचीच. त्याच वर्षी हत्यारे नोंदवण्याचा आणि जमा करण्याचा हुकूम निघाला. मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी तो मानला नाही. बंदूक हे त्यांचे पोट होते आणि इभ्रतही. फौज आली, गाव जाळले गेले, कित्येकांना फाशी झाली. पुढच्या वर्षी नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले. १२ जून १८५८ रोजी त्यांना आपल्या बेळगावातच फाशी देण्यात आले.

त्यानंतर कोणी कोणती बंदूक बाळगायची, हे खिशापेक्षा सरकार ठरवू लागले. देशी पलटणींना बराच काळ गुळगुळीत नळीच्या, कमी पल्ल्याच्या बंदुका दिल्या गेल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना आला. कॅम्पातला गोरा साहेब मागून भरायची नवी रायफल घेऊन शिकारीला निघे. रयतेच्या हाती ठासणीचीच राहिली. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. ती अपुरी पडते असे अधिकाऱ्याला पटले, तरच राखणीसाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. म्हणजे आजोबांनी स्वस्त म्हणून ती निवडली हे खरे. पण निवडायला त्यांच्यापुढे फारसे काही ठेवलेलेच नव्हते, हेही तितकेच खरे.

हरणाची शिकार आता इतिहासजमा झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही बंद केली. ते योग्यच झाले. आज खानापूरच्या रानात सांबर दिसते, ते त्यामुळेच.

राहता राहिली बंदूक. परवानाधारक वारला की काही घरांत भीतीपोटी ती विहिरीत टाकतात, नाहीतर माळ्यावर दडवतात. दोन्ही चूक. विनापरवाना बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. ती पोलीस ठाण्यात जमा करून वारसाने रीतसर अर्ज करावा. मात्र जमा करण्याआधी तिचा फोटो काढा, जुना परवाना जपून ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती कोणी, कधी, कशासाठी घेतली हे वहीत लिहून ठेवा. राजेरजवाड्यांच्या तलवारी संग्रहालयात आहेत. आपल्या शेतकरी आजोबांच्या बंदुकीची हकिगत लिहायला मात्र आपल्याशिवाय कोणी येणार नाही.