वाढत जाणारी टोपी

घरात आजी असेल तर हे दृश्य ओळखीचं असेल. आठवड्यातून एकदा सकाळी उठल्या उठल्या एक गोळी, ग्लासभर साधं पाणी, आणि मग अर्धा तास ना चहा, ना आडवं होणं. हाडं ठिसूळ झाली म्हणून दिलेली ही गोळी. तिच्या घराण्यातल्या औषधांची पहिली मोठी परीक्षा मात्र वेगळ्याच आजारावर झाली. त्या आजाराची गोष्ट एका टोपीपासून सुरू होते.

लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांच्याकडे १८५६ साली एक गृहस्थ आले. पाय दुखत होते, नडगीचं हाड जाड होत होतं. पॅजेट पुढची वीस वर्षं त्यांना तपासत राहिले. हाडं वाकली, उंची घटली आणि डोकं वाढत गेलं, इतकं की टोपीचा घेर सुमारे पाच इंचांनी मोठा करावा लागला. बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत होती. १८७६ मध्ये ते वारले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅजेट यांनी अशा पाच रुग्णांची हकीकत डॉक्टरांच्या सभेत वाचली. सांगण्यासारखा उपचार त्यांच्याकडे नव्हता.

हाड एकदा बनलं की संपलं, असं नसतं. काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं बांधतात. ही डागडुजी जन्मभर चालते. पॅजेटच्या आजारात खाणाऱ्या पेशी बेफाम होतात, बांधणाऱ्या घाईघाईनं भर घालतात. हाड मोठं होतं, पण कच्चं.

यावरचा उपाय भलत्याच वाटेनं आला. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश एका प्रश्नाच्या मागे होते. आपल्या रक्तात, लघवीत कॅल्शियमचे इतके क्षार असतात, तरी ते सगळीकडे साचत का नाहीत? त्यांना पायरोफॉस्फेट हा रेणू सापडला. तो क्षारांचे खडे होऊ देत नाही. बोअरच्या पाण्यानं गीझरमध्ये जमणारा पांढरा थर आठवा. तसा थर पाइपात बसू नये म्हणून अशीच रसायनं पाण्यात टाकत असत. अडचण एकच होती, पोटात गेलं की पायरोफॉस्फेट तुटून जाई. मग त्याच घडणीचे, पण न तुटणारे रेणू तपासले गेले. तेच बिसफॉस्फोनेट. ते हाडाला चिकटतात आणि हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतात.

त्यातलं एटिड्रोनेट १९७७ मध्ये अमेरिकेत पॅजेटच्या आजारासाठी मंजूर झालं. पॅजेट यांच्या त्या सभेला तेव्हा शंभर वर्षं उलटून गेली होती. औषधात खोट होती. डोस जास्त झाला की नवं हाडही नीट टणक होत नसे. पुढची औषधं सुधारत गेली. २००५ च्या एका अभ्यासात झोलेड्रोनिक अॅसिडचं पंधरा मिनिटांचं एकच सलाइन दोन महिन्यांच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरलं. सहा महिन्यांनी ९६ टक्के रुग्णांना गुण आला, गोळ्यांनी ७४ टक्क्यांना.

पण ‘गुण’ म्हणजे काय? इथे तो रक्तातल्या अल्कलाइन फॉस्फेटेजच्या आकड्यावरून ठरवला होता. ब्रिटनमध्ये तेराशेहून जास्त रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटात हा आकडा नॉर्मल ठेवण्यासाठी औषध दिलं, दुसऱ्यात दुखलं तरच. २०१० मध्ये निकाल आला. फ्रॅक्चर आणि रोजचं जगणं, दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता. रिपोर्ट सुधारला होता, माणसाला त्याचा वेगळा फायदा दिसत नव्हता.

पॅजेट यांच्याकडे औषध नव्हतं आणि रक्ताचा रिपोर्टही नव्हता. म्हणून ते माणसाकडे बघत राहिले, त्याचं दुखणं, चालणं आणि टोपीसुद्धा नोंदवत. औषध हाताशी आल्यावर ते बघणं संपेल असं वाटलं होतं. या आजारात तरी औषध केव्हा द्यायचं हे ठरवायला आजही आधी तेच करावं लागतं.